एमसीजीचा दौरा: रॉन बरासी यांच्या कारकिर्दीच्या वाटेने

मेलबर्नला येणारा मराठी पाहुणा एमसीजी, अर्थात मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, पाहायला जातो तो क्रिकेटच्या ओढीने. ते स्वाभाविकही आहे. डिसेंबर १९९९ मध्ये सचिन तेंडुलकरने इथे ११६ धावांची खेळी केली आणि अजिंक्य रहाणेने २०१४ व २०२० अशा दोन्ही दौऱ्यांत इथे शतके ठोकली. मात्र मार्च ते सप्टेंबर हे मैदान ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे, म्हणजे लंबगोल चेंडूने हात आणि पाय दोन्ही वापरून खेळल्या जाणाऱ्या खेळाचे, असते आणि या शहराचा जीव क्रिकेटपेक्षा त्या खेळात अधिक गुंतलेला आहे. म्हणून एमसीजीचा मार्गदर्शित दौरा आणि मैदानाच्या इमारतीतच असलेले ऑस्ट्रेलियन स्पोर्ट्स म्युझियम यांचे हे परीक्षण मी मुद्दाम फुटबॉलच्या अंगाने लिहीत आहे. त्यासाठी रॉन बरासी या एकाच खेळाडूची कारकीर्द मी सोबत घेतली आहे, कारण ती माहीत असेल तर या दौऱ्यातील प्रत्येक थांब्याला अर्थ येतो आणि ती माहीत नसेल तर बराचसा दौरा प्रचंड, रिकाम्या स्टेडियमची पाहणी एवढाच उरतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी व्यवहाराचे सांगतो. दौरा साधारण सव्वा तासाचा असतो आणि तो ज्या दिवशी सामना किंवा अन्य कार्यक्रम नसेल त्याच दिवशी होतो. दौरा आणि संग्रहालय या दोहोंसाठी प्रवेश गेट क्रमांक ३ मधून आहे, आणि दोन्ही मिळून एकत्रित तिकीट काढता येते. तेच काढावे. नुसता दौरा केला तर घाईत पाहिलेल्या जागांचा संदर्भ नीट लागत नाही, आणि नुसते संग्रहालय पाहिले तर काचेमागच्या वस्तूंचा इतिहास ज्या हिरवळीवर घडला ती हिरवळच राहून जाते. रेल्वेने जोलीमाँट किंवा रिचमंड स्थानकावर उतरल्यास मैदान चालत गाठता येते. गाडी आणण्याचा खटाटोप करू नये.

गेटमधून आत जाण्यापूर्वी बाहेरचे पुतळे पाहण्यासाठी अर्धा तास हाताशी ठेवावा. त्यांना तिकीट लागत नाही आणि दौऱ्याची खरी प्रस्तावना तिथेच आहे. ब्रॅडमन, लिली, शेन वॉर्न यांच्यासमोर आपल्याकडच्या मंडळींची छायाचित्रांसाठी गर्दी होते, पण टॉम विल्स यांच्या शिल्पापाशी सहसा कुणी थांबत नाही. ऑगस्ट १८५८ मध्ये स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर या दोन शाळांमध्ये झालेल्या फुटबॉल सामन्यात विल्स पंच होते, आणि पुढच्याच वर्षी मेलबर्न फुटबॉल क्लबने या खेळाचे पहिले लेखी नियम तयार केले त्यातही त्यांचा हात होता. याच विल्स यांनी १८६६ मध्ये मूळनिवासी क्रिकेटपटूंच्या संघाला प्रशिक्षण दिले. तो संघ त्या वर्षीच्या बॉक्सिंग डेला याच मैदानावर उतरला आणि त्यात जॉनी म्युलाघ हा खेळाडू होता. २०२० च्या बॉक्सिंग डे कसोटीपासून सामनावीराला म्युलाघ यांच्या नावाचे पदक देण्याची प्रथा सुरू झाली, आणि ते पहिले पदक रहाणेच्या गळ्यात पडले. क्रिकेटपुरता येणारा मराठी माणूसही अशा रीतीने विल्स यांच्यापर्यंत, म्हणजे फुटबॉलच्या उगमापर्यंत, आपसूक पोहोचतो.

पुतळ्यांच्या याच मालिकेत रॉन बरासी आहेत. त्यांचा जन्म १९३६ चा. वडिलांचे नावही रॉन बरासीच. ते मेलबर्न क्लबकडून ३१ क्रमांकाची जर्सी घालून खेळत, १९४० च्या विजेत्या संघात होते, आणि १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, लिबियातील टोब्रुक येथील लढाईत मारले गेले. त्या वेळी मुलगा पाच वर्षांचा होता. पुढे मुलगा खेळू लागला तेव्हा त्याने वडिलांच्याच क्लबकडे यावे अशी मेलबर्नची इच्छा होती. परंतु त्या काळी खेळाडू कोणत्या भागात राहतो यावर त्याचा क्लब ठरत असे. म्हणून वडिलांच्या क्लबकडून मुलाला खेळता यावे, अशी नियमात सोय करून घेण्यात मेलबर्नने पुढाकार घेतला. बरासी प्रशिक्षक नॉर्म स्मिथ यांच्या घरी राहू लागले आणि १९५३ मध्ये, सतराव्या वर्षी, वडिलांचाच ३१ हा क्रमांक पाठीवर घेऊन पहिल्या संघात आले. पितापुत्राचा हा नियम बदलत्या स्वरूपात आजही लागू आहे. आज अठरा क्लबांच्या स्पर्धेत बहुतेक मुलांना वयाच्या अठराव्या वर्षी ड्राफ्टमध्ये जो क्लब निवडेल त्या क्लबकडे, प्रसंगी दोन हजार किलोमीटर दूरच्या शहरात, जावे लागते. वडील एखाद्या क्लबकडून शंभर सामने खेळलेले असतील, तर मात्र त्या क्लबला त्या मुलावर विशेष हक्क सांगता येतो. वडील गमावलेल्या एका मुलाच्या कहाणीतून निघालेली ही तरतूद सत्तर वर्षांनंतरही किती घरांचे मार्ग ठरवते, हे पुतळ्यासमोर उभे राहून सोबतच्या मुलांना अवश्य सांगावे.

दौऱ्याचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे खेळाडूंच्या खोल्या आणि तिथून मैदानाच्या कडेपर्यंत जाणारा मार्ग. टीव्हीवर या खोल्या ऐसपैस आणि झगमगीत वाटतात. प्रत्यक्षात बाके, खुंट्या, मालिशची टेबले आणि अंग तापवण्यासाठी सोडलेली मोकळी जागा असा सगळा कामाचा मामला आहे. मार्गदर्शक बहुधा मेलबर्न क्रिकेट क्लबचे ज्येष्ठ सदस्य असतात, हौसेने हे काम करतात, आणि एखादा नेमका प्रश्न विचारला की त्यांचा चेहरा खुलतो. त्यांना ‘रक-रोव्हर’ या जागेविषयी विचारावे. सामन्याच्या आरंभी पंच चेंडू जमिनीवर आपटून उंच उडवतो, तेव्हा उडी मारून तो आपल्या बाजूला वळवणारा धिप्पाड खेळाडू म्हणजे रक. त्याच्या पायाशी घुटमळून पडता चेंडू उचलणारा, चणीने लहान आणि चपळ खेळाडू म्हणजे रोव्हर. बरासी रक होण्याइतके उंच नव्हते आणि रोव्हरच्या मानाने अंगाने फारच दणकट होते. स्मिथ यांनी त्यांना रकच्या सोबतीने धावणारा दुसरा भिडू म्हणून मैदानभर मोकळे सोडले आणि त्यातून रक-रोव्हर ही जागा रूढ झाली. १९५४ ते १९६० अशी सलग सात वर्षे मेलबर्नने अंतिम सामना गाठला आणि त्यांतील पाच जिंकले. १९६० पासून बरासी कर्णधार होते, आणि १९६४ चे विजेतेपद धरून खेळाडू म्हणून त्यांची सहा विजेतेपदे झाली. मात्र मोसमातील सर्वोत्तम खेळाडूला पंचांच्या मतांवरून दिले जाणारे ब्राउनलो पदक त्यांना कधीच मिळाले नाही. संग्रहालयात पदके पाहताना ही गोष्ट ध्यानात असू द्यावी.

खोल्यांमधून बाहेर पडून हिरवळीच्या कडेला उभे राहिले की या खेळाचे आकारमान प्रथमच लक्षात येते. फुटबॉलसाठी आखलेले मैदान सुमारे १६० मीटर लांब आणि १४० मीटर रुंद असते, आणि खेळाडूला वीस-वीस मिनिटांची चार सत्रे, शिवाय वाया गेलेल्या वेळेची भर, एवढा वेळ त्यावर धावायचे असते. सॉकरच्या मैदानाशी तुलना करणारे पाहुणे इथे गप्प होतात. हिरवळीवर पाय ठेवू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

१९६४ च्या विजयानंतर बरासी मेलबर्न सोडून कार्लटन क्लबकडे कर्णधार आणि प्रशिक्षक अशा दुहेरी जबाबदारीवर गेले. दौऱ्यात या घटनेला एखाद-दुसरे वाक्य मिळते, पण माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठी घटना हीच आहे. त्या काळी खेळाडूला मिळणारा मोबदला तुटपुंजा असे, आठवडाभर नोकरी आणि शनिवारी सामना असा शिरस्ता होता, आणि क्लबशी एकनिष्ठ राहणे हाच जणू खेळाडूचा धर्म मानला जाई. ज्या क्लबसाठी वडील खेळले, ज्याने नियम वाकवून आपल्याला घेतले, ज्याच्या प्रशिक्षकाने स्वतःच्या घरी आसरा दिला, तो क्लब सोडून भर कारकिर्दीत प्रतिस्पर्ध्याकडे जाणे अनेकांना घात वाटले. पुढच्याच वर्षी मेलबर्नने हंगामाच्या मध्यात नॉर्म स्मिथ यांना काढले आणि काही दिवसांत परत घेतले, पण क्लबची घडी विस्कटली ती विस्कटलीच. मेलबर्नला पुढचे विजेतेपद मिळायला २०२१ साल उजाडले. म्हणजे तब्बल ५७ वर्षे. बरासी यांनी मेलबर्नसाठी २०४ आणि कार्लटनसाठी ५० सामने खेळले. आज आठ वर्षे एका क्लबकडे काढलेला खेळाडू हक्काने दुसरा क्लब शोधू शकतो आणि त्याबद्दल फारशी खळबळही होत नाही. व्यावसायिक खेळाडू आपले श्रम कुठे द्यायचे हे स्वतः ठरवू शकतो, ही कल्पना या शहराच्या गळी उतरवण्याची किंमत बरासी यांनी मोजली, असे मी मानतो.

दौऱ्यात प्रेक्षागृहाच्या वरच्या भागात नेतात तेव्हा १९७० चा अंतिम सामना डोळ्यांसमोर आणावा. आज या मैदानाची क्षमता एक लाखाच्या जवळपास आहे. त्या दिवशी इथे १,२१,६९६ माणसे होती आणि फुटबॉलच्या गर्दीचा तो विक्रम अजून अबाधित आहे. मध्यंतराला कॉलिंगवूड कार्लटनच्या ४४ गुणांनी पुढे होते. गोलला सहा गुण आणि थोडक्यात हुकलेल्या चेंडूला एक, हा हिशेब धरला तर ४४ गुण म्हणजे सात गोलांहून मोठी दरी होते. कार्लटनचे प्रशिक्षक असलेले बरासी तोवर खेळाडू म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी मध्यंतरात संघाला सांगितले की लाथेने चेंडू उंच उडवत बसू नका, हँडबॉल करा आणि धावत राहा. हँडबॉल म्हणजे एका तळहातावर चेंडू धरून दुसऱ्या हाताच्या आवळलेल्या मुठीने तो साथीदाराकडे ठोसणे. या खेळात चेंडू हाताने फेकायला बंदी आहे. तोवर हँडबॉल मुख्यतः अडचणीतून सुटण्याचा उपाय समजला जाई. त्या दुपारी तो हल्ल्याचे हत्यार बनला. मध्यंतरानंतर आलेल्या टेड हॉपकिन्स या राखीव खेळाडूने चार गोल केले आणि कार्लटनने १११ विरुद्ध १०१ असा दहा गुणांनी सामना जिंकला. त्याआधी १९६८ मध्ये बरासी यांनीच कार्लटनला २१ वर्षांनंतरचे विजेतेपद मिळवून दिले होते, तेही प्रतिस्पर्धी एसेंडनपेक्षा एक गोल कमी करून, केवळ तीन गुणांनी.

संग्रहालयात मुलांसाठी चेंडू मारण्या-फेकण्याचे खेळ असलेले मोठे दालन आहे. तिथे लहान मुले तासन्‌तास रमतात. मोठ्यांनीही संकोच न बाळगता हातात चेंडू घ्यावा. या खेळाचा, शेरिन कंपनीचा चेंडू चामड्याच्या चार पाकळ्या शिवून केलेला असतो, दोन्ही टोकांकडे निमुळता, आणि एका शिवणीवर लेस ओवलेली असते. तो तळहातावर ठेवून मूठ मारली की पहिल्या प्रयत्नात तिरपा जातो, आणि जमिनीवर आपटला की कुठे उसळेल ते सांगता येत नाही. हे एकदा हाताला कळले की धावता धावता, अंगावर दोन माणसे येत असताना, तोच चेंडू छातीच्या उंचीवर साथीदाराच्या हातात देणाऱ्या खेळाडूचे कसब मनापासून पटते. बरासी यांनी १९७० मध्ये संघाकडून नेमके काय मागितले होते, हेही तिथेच उमगते.

१९७३ मध्ये बरासी नॉर्थ मेलबर्नकडे गेले. तळाला असलेल्या या क्लबने तोवर एकदाही विजेतेपद मिळवले नव्हते. ते त्यांनी १९७५ मध्ये मिळवून दिले आणि १९७७ मध्ये पुन्हा एकदा, अंतिम सामना बरोबरीत सुटल्यावर आठवड्याने झालेल्या फेरलढतीत. १९८१ मध्ये ते मेलबर्नला परतले तेव्हा मात्र जुनी जादू चालली नाही आणि पाच वर्षांत बाद फेरीही गाठता आली नाही. तरीही त्या अपयशी काळाने या मैदानाला एक पुतळा दिला. आयर्लंडमधील गेलिक फुटबॉल खेळणाऱ्या तरुणांना इकडे आणण्याचा उपक्रम तेव्हा राबवला गेला आणि त्यातून १९८४ मध्ये डब्लिनचा जिम स्टाइन्स मेलबर्नला आला. ज्याने हा लंबगोल चेंडू आधी कधी हाताळला नव्हता, त्याने १९९१ मध्ये ब्राउनलो पदक जिंकले आणि सलग २४४ सामने खेळून दाखवले. परदेशात नवे आयुष्य उभे करणाऱ्या आपल्या मंडळींनी स्टाइन्स यांच्या पुतळ्यापाशी थोडे अधिक थांबावे, असे मी आग्रहाने सुचवतो.

त्यानंतर १९९३ ते १९९५ या काळात बरासी यांनी सिडनीचा गाळात रुतलेला संघ हाती घेतला. रग्बीच्या शहरात हा खेळ रुजावा यासाठी त्यांनी कित्येक वर्षे आवाज उठवला होता. ते तिथून बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी सिडनीने अंतिम सामना गाठला. फुटबॉलप्रेमी आणि रग्बीप्रेमी ऑस्ट्रेलिया यांच्यात नकाशावर ओढल्या जाणाऱ्या कल्पित रेषेला इथे ‘बरासी रेषा’ म्हणतात. आपल्या नावाची ती रेषा पुसण्यासाठीच हा माणूस राबला. सप्टेंबर २०२३ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

संग्रहालयाची मांडणी उत्तम आहे, प्रकाशयोजना डोळ्यांना त्रास देत नाही, आणि १९५६ च्या ऑलिंपिकसारखे इतर विषयही नेटके आहेत. क्रिकेटच्या दालनाविषयी मी लिहिण्याची गरज नाही, कारण तिथे आपली माणसे न सांगताही पोहोचतील. एक मर्यादा मात्र अशा कोणत्याही गौरवस्थळाला असते. पदके, जर्सी आणि चषक यांतून कारकीर्द शिखरांची मालिका वाटू लागते, आणि शरीराने मोजलेली किंमत काचेच्या पेटीत मांडता येत नाही. हँडबॉलला हल्ल्याचे साधन बनवणाऱ्यांत बरासी यांच्याही आधी ज्यांचे नाव घेतात ते ग्रॅहम ‘पॉली’ फार्मर २०१९ मध्ये वारले. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांमुळे होणारा मेंदूचा विकार त्यांना होता, असे २०२० मध्ये निष्पन्न झाले. या स्पर्धेतील खेळाडूच्या बाबतीत असे निदान होण्याची ती पहिलीच वेळ होती. मुलाला या खेळात घालण्याचा विचार करणाऱ्या पालकांनी दौऱ्याच्या भारावलेपणात ही बाजू नजरेआड करू नये आणि स्थानिक क्लबमध्ये डोक्याच्या दुखापतीनंतर मुलाला किती दिवस विश्रांती देतात, हे विचारून घ्यावे. मुलींसाठीही हा मार्ग आता खुला आहे, कारण २०१७ पासून महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू आहे.

दौऱ्यात चालणे बरेच असते. भारतातून आलेल्या आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर गुडघ्यांचा प्रश्न आरक्षणाच्या वेळीच कळवावा, म्हणजे लिफ्टच्या मार्गाने नेण्याची व्यवस्था होऊ शकते. हिवाळ्यात प्रेक्षागृहातून बोचरा वारा वाहतो, तेव्हा स्वेटर जवळ ठेवावा. मराठीतच काय, हिंदीतही समजावून सांगणारे कुणी भेटेल अशी अपेक्षा धरू नये. म्हणून सोबतच्या एकाने तरी गुणांचा हिशेब आणि बरासी यांची कथा आधी समजून घ्यावी आणि इतरांना पुतळ्यांपाशीच सांगून टाकावी. शक्य असेल तर दौरा शुक्रवारी सकाळी करावा आणि त्या शनिवार-रविवारी इथे मेलबर्न किंवा कार्लटनचा सामना असेल तर सर्वसाधारण प्रवेशाचे तिकीट काढून वरच्या मजल्यावर बसावे. तिथून अठरा विरुद्ध अठरा खेळाडूंची संपूर्ण मांडणी दिसते, आणि रकच्या बाजूने सुसाट धावत येणारा तो रक-रोव्हर नेमका कोण, हे पहिल्याच सत्रात ओळखता येते.